हौस म्हणून वेबसाइट बनवायला शिकायलोय, पण कोरी फाईल उघडली की हात थांबतो

पाल_टाकणारा | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक होतो. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अहमदपूर तालुक्यात माझा भांड्यांचा धंदा आहे. दुकान नावाला, खरी विक्री आठवडी बाजारात. आठवड्यातले चार दिवस टेम्पोत पातेली, पराती, कुकर भरायचे आणि त्या त्या गावच्या बाजारात पाल टाकायची. वय ४४. शिक्षण बी. कॉम., तेही दोन खेपांत.

मागच्या दिवाळीत पुतण्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडं आला. गाणी ऐकायला ठेवला होता. एकदा चुकून राइट क्लिक झालं, त्यात ‘व्ह्यू पेज सोर्स’ दाबलं गेलं, आणि समोरच्या देखण्या पानाची सगळी हाडं दिसली. म्हटलं, हे तर कुणीतरी बसून लिहिलेलं आहे की! त्या दिवसापासून रोज रात्री साडेनऊ ते अकरा हेच करायलोय. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) झालं, सीएसएस (त्याची सजावट) बऱ्यापैकी येतं, पान हलतं करणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लूप, ॲरे (म्हणजे याद्या), फंक्शनपर्यंत पोचलोय. व्हिडिओ बघत बघत कॅल्क्युलेटर केला, कामांची यादी केली, हवामान दाखवणारं पान केलं. सगळं चालतं.

पण व्हिडिओ बंद करून कोरी फाईल उघडली की एक ओळ सुचत नाही. आठ महिने झाले. मला नोकरी करायची नाही, कुणाची कामं घ्यायची नाहीत. निव्वळ हौस आहे. बायको विचारती, “अकरा-अकरा वाजेपर्यंत बसता, पण गिऱ्हाईक कोण?” याला उत्तर नाही.

तर आता रिॲक्ट (जावास्क्रिप्टचं तयार साधन) वगैरे सुरू करावं, की पहिल्यापासून परत गिरवावं? का हे वय नाही यातलं? हौशी मंडळींनी सांगावं.

---

लातूर_पॅटर्न | रविवार, रात्री ११:०४

साडेनऊला बसता तिथंच चुकतं. पहाटे चारला उठा, तीन तास जावास्क्रिप्ट, मग आंघोळ, मग टेस्ट सीरिज. आमच्याकडं सगळं असंच शिकवतात. 😄

---

नाथसागर | सोमवार, सकाळी ७:३०

मी मूळचा पैठणचा, संभाजीनगरात १२ वर्षं हेच काम करतो. म्हणून थोडं मोठं लिहितो.

आधी एक सांगतो. कोऱ्या फाईलीसमोर सगळेच थांबतात. फरक एवढाच की रोजचं काम करणाऱ्याला काय बनवायचंय ते कुणीतरी सांगितलेलं असतं. तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. व्हिडिओवाल्यानं कॅल्क्युलेटर करायला घेतला म्हणून तुम्ही केला, तुम्हाला तो नकोच होता. तुमच्या खिशात मोबाईल आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे.

रिॲक्टचं म्हणाल तर आत्ता अजिबात नको. २०१३ साली फेसबुकनं ते सगळ्यांसाठी खुलं केलं ते मोठमोठ्या, सतत हलत्या पानांचा गुंता सोडवायला. तुमच्याकडं अजून गुंताच नाही. विहिरीला पाणी लागायच्या आधी ठिबकच्या नळ्या अंथरायच्या कशाला? साधं एचटीएमएल टिकतं. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत १९८९ साली कल्पना मांडली आणि १९९१ साली जगातलं पहिलं संकेतस्थळ लोकांपुढं आलं. त्याची जपून ठेवलेली प्रत आजच्या मोबाईलवरसुद्धा नीट उघडते. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी केलेला एक प्रकल्प आज माझ्याच लॅपटॉपवर उठत नाही, कारण त्याच्याखाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची दीड हजार पॅकेजं आहेत आणि त्यातली अर्धी मेली.

घरात, दुकानात, बाजारात कुठं कागदावर काही लिहून ठेवता का? उधारीची वही, भांड्यांचे भाव, काहीही. तिथून सुरू करा.

---

हळद_पावडर | सोमवार, सकाळी ९:१२

नाथसागर सरांशी असहमत. मी हिंगोलीत शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला मुलाखतीत पहिला प्रश्न रिॲक्टचाच येतो. साधं जावास्क्रिप्ट येतं म्हटलं की समोरचा घड्याळ बघतो. काकांनी आठ महिने दिलेत, अजून दोन महिन्यांत रिॲक्ट होईल. सगळं जग ज्या रस्त्यानं चाललंय तो रस्ता सोडून पांदीनं कशाला जायचं?

---

नाथसागर | सोमवार, सकाळी ९:२०

@हळद_पावडर, धागा परत वाच. त्यांना मुलाखत द्यायची नाही.

---

लातूर_पॅटर्न | सोमवार, सकाळी ९:२५

पांदीनंच हुरड्याला जातात पण.

---

खवाभट्टी | सोमवार, दुपारी १:४०

नाथसागर यांना +१. माझा अनुभव सांगतो, हसू नका.

आम्ही भूमचे. चुलत्याची खव्याची भट्टी आहे. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, हिशेब वहीत. मी ठरवलं की चुलत्याला पान करून द्यायचं: सकाळचं दूध टाका, संध्याकाळचं टाका, बेरीज येईल, खवा किती पडेल तेही येईल. आमच्याकडं साधारण पाच लिटरला किलोभर धरतात. अर्ध्या दिवसात केलं. रुबाबात भट्टीवर गेलो. चुलत्यानं सकाळचं टाकलं १०, संध्याकाळचं ५. बेरीज आली १०५ लिटर, खवा २१ किलो.

चुलता म्हणाला, “ही म्हैस कुठं मिळती ते सांग, दोन घेऊ.”

रात्रभर डोकं खाजवलं. मग कळलं की रकान्यात टाकलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळतच नाही, अक्षरं म्हणून मिळतो. आणि अधिकचं चिन्ह अक्षरांना चिकटवतं. १० ला ५ चिकटले, १०५ झाले. गंमत म्हणजे भागाकार मात्र तीच अक्षरं मुकाट्यानं आकडा समजून करतो, म्हणून पुढचे २१ अगदी बरोबर निघाले! बेरजेआधी दोन्हींना नंबरमध्ये बदलून घेतलं की झालं.

तर दुरुस्त करून परत गेलो. या वेळी चुलत्यानं मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून ‘१०’ टाकले. उत्तर आलं ‘नॅन’. म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. देवनागरी अंक त्याला कळत नाहीत. मग एकेक अक्षर घेऊन त्याच्या युनिकोड क्रमांकातून (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो) २४०६ वजा करायचे (देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, नवाचा २४१५), असं पाच ओळींचं फंक्शन लिहिलं. ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं लिहिलेला कोड तोच.

त्या पानाचं एकच गिऱ्हाईक आहे. रोज दोनदा उघडतं.

---

मोसंबी_जालना | सोमवार, दुपारी २:१५

१०५ लिटर 😂😂 कुंथलगिरीच्या पेढ्यांचा भाव उतरला असता.

माझा उलटा अनुभव. मी शहरातल्या एका क्लासला ३५,००० भरले. सहा महिन्यांत ‘फुल स्टॅक’, म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू. शिकवणारा पोरगा मागच्याच बॅचचा विद्यार्थी. तो पडद्यावर टाईप करायचा, आम्ही बघून टाईप करायचो, कुणाचं अडलं तर म्हणायचा, “माझ्या फाईलमधून कॉपी करा.” शेवटी एक शॉपिंगचं पान झालं, चाळीस जणांचं सेम टू सेम, बुटांचे फोटोसुद्धा तेच. प्रमाणपत्र लॅमिनेट करून दिलं.

त्यानंतर फ्रीकोडकॅम्प या साइटवर फुकट शिकलो आणि एमडीएन या वेबच्या माहितीच्या साइटवर वाचायची सवय लावली. इंग्रजी जड जातं, पण एका वेळी एकच पान. हौस असेल तर पैसे भरू नका, एवढंच.

---

गोदाकाठची | सोमवार, संध्याकाळी ५:०५

मी गंगाखेडची. घरी असते, बचत गटाचं रजिस्टर सांभाळते. चार वर्षांपासून हे वेड आहे, तेव्हा मूळ प्रश्नाकडं येते.

व्हिडिओ बघताना हात चालतो आणि नंतर थांबतो, हे अगदी स्वयंपाकासारखं आहे. आई शेजारी उभी असताना पुरणपोळी फुटत नाही, सासरी पहिल्यांदा एकटीनं केली की फुटते. मी असं करायला लागले: व्हिडिओ पूर्ण बघायचा, लॅपटॉपला हातही लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पान न बघता करायचं. अडलं तर व्हिडिओ उघडायचा नाही. आपल्याला नेमकं काय येत नाही ते वहीत मराठीत लिहायचं. ‘दोन डबे शेजारी शेजारी येईनात’ असं. मग तेवढंच शोधायचं. पहिल्या महिन्यात वही भरली. त्यात नऊ वेळा ‘डबा मधोमध येईना’ होतं.

आमच्याकडं दुपारी वीज जायची तेव्हा लॅपटॉपची मेलेली बॅटरी घेऊन काय करणार? कागदावर कोड लिहायची. कंस कुठं बंद होतो ते कागदावर फार पटकन पाठ होतं. तुम्हीही करून बघा, बाजारात गिऱ्हाईक नसताना जमेल.

आणि हिशेबाची पानं करणाऱ्यांसाठी एक: आकडा परत मराठीत दाखवायचा असेल तर जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंग या फंक्शनला ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) सांगा. लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं येतात आणि अंकही देवनागरी येतात. गटातल्या बायकांना ‘१,२५,०००’ असं दिसलं तेव्हा त्या खऱ्या खूश झाल्या. माझ्या सीएसएसकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

---

पाल_टाकणारा | सोमवार, रात्री ९:४८

बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. गोदाकाठच्या ताई, वहीचं लगेच सुरू करतो.

नाथसागर यांनी विचारलं म्हणून आत्ता बसून भांड्यांच्या भावाचं पान करायला घेतलं. पहिल्याच ओळीत अडलो. मी ‘सुऱ्या’ लिहिलं, बाजारात चाकू-सुऱ्या पण ठेवतो, तर पानावर एकदा बरोबर दिसलं आणि खाली यादीत ‘सुर्या’ झालं. शोधायच्या रकान्यात ‘सुऱ्या’ टाकलं तर ‘सापडले नाही’. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसत असलेलंसुद्धा सापडंना. हे काय गौडबंगाल आहे?

---

जुनी_फाईल | मंगळवार, सकाळी ६:१०

आता माझ्या गल्लीत आलात.

मी नांदेडला १९९४ पासून डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी) केलं. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. तेव्हा ‘शिवाजी’ नावाचा फॉन्ट, ‘श्रीलिपी’, ‘कृतीदेव’, हेच आमचं जग. त्या फॉन्टांत मराठी नुसती कातडी होती. आत संगणकाला दिसायची इंग्रजी अक्षरं, वरून त्यांना मराठी चेहरे चढवलेले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी निव्वळ गारगोट्या. एका पत्रिकेची फाईल मी दुसऱ्या प्रेसला पाठवली आणि तिथून फोन आला, “मालक, नवरदेव परदेशी आहे का?”

युनिकोडनं तो त्रास संपवला. देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, प्रत्येक अक्षराला क्रमांक मिळाला. पण आपल्या ‘ऱ्य’नं तिथंही गंमत केली. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे एकाहून जास्त दरी. हिंदीवाल्यांना हा डोक्यावरच्या रफाराऐवजीचा आडवा र लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो: वाऱ्यावर, पायऱ्या, बिचाऱ्या, तुमच्या सुऱ्या. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढं ‘य’. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ‘य’. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाच्या दृष्टीनं दोन वेगळे शब्द. तुम्ही यादी एका कीबोर्डवरून भरली असणार आणि शोध दुसऱ्यावरून घेतला असणार. आणि ते न दिसणारं चिन्ह कॉपी करताना गळालं की ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो.

इलाज सोपा. शोधण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच तऱ्हेत आणायचा. जिथं ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ दिसेल तिथं ‘ऱ, हलन्त’ बदलून टाकायचं.

आणखी दोन गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. पानाच्या डोक्यात मेटा कॅरसेट यूटीएफ-८ (अक्षरं युनिकोडमध्ये आहेत हे सांगणारी ओळ) लिहिलंय ना? ते नसेल तर एखाद्या दिवशी माझ्या त्या नवरदेवासारखं होईल. आणि पहिल्याच एचटीएमएल टॅगला लँग (पानाची भाषा) म्हणून ‘एमआर’, म्हणजे मराठी, द्या. बहुतेक जण व्हिडिओत बघून इंग्रजीचं ‘ईएन’ तसंच ठेवतात. काही फॉन्टांत मराठी वळणाचा ल आणि श वेगळा ठेवलेला असतो. पान मराठी आहे हे सांगितलं तरच तो वर येतो, नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसतो. मला तो ल दिसला की आजही दात शिवशिवतात.

वय विचारलंत. मी एकसष्टाव्या वर्षी सीएसएस ग्रिड शिकलो. पत्रिकेची चौकट आखणाऱ्याला ग्रिड म्हणजे माशाला पाणी.

---

हळद_पावडर | मंगळवार, सकाळी ८:०२

जुनी_फाईल काका, दंडवत. हे आम्हाला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. वाचनखूण साठवली.

---

मोसंबी_जालना | मंगळवार, सकाळी ८:३०

अवांतर: आम्ही २००३ साली जालन्यात नेटकॅफेत तासाला ३० रुपये देऊन जिओसिटीजवर पान केलं होतं. काळा रंग, त्यावर पळती पिवळी अक्षरं, खाली ‘आपण आमचे ४७ वे पाहुणे’. त्या ४७ पैकी ४० वेळा मीच. २००९ साली जिओसिटीज बंद झालं, पान गेलं. नेटकॅफेच्या खाली चुरमुऱ्यांची सुशीला मिळायची, ती मात्र अजून जिभेवर आहे.

---

लातूर_पॅटर्न | मंगळवार, सकाळी ८:४१

सुशीला जालन्याची? सुशीला आमची. चुरमुऱ्याला पाणी दाखवायचं, भिजवायचं नाही, ही अक्कल मांजरेच्या काठालाच आहे.

---

गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ८:५५

दोघंही चूक. पण तो वेगळा धागा काढा, इथं नको.

---

हळद_पावडर | मंगळवार, रात्री १०:१५

एक विचारू का? रागावू नका. हे सगळं आता एआयला सांगितलं की दोन मिनिटांत लिहून मिळतं. सुऱ्या-सुर्यापण सोडवून देईल. मग काकांनी रोज दीड तास घालवायचा कशाला? मी कॉलेजचे प्रोजेक्ट तसेच करतो, खरं सांगतो.

---

खवाभट्टी | मंगळवार, रात्री १०:२८

हुरडा पार्टीला जाऊन कणसं भाजायला आणि खायला गडी लावल्यासारखं झालं ते. हौस कुणाची मग?

---

नाथसागर | मंगळवार, रात्री १०:५०

प्रश्न रास्त आहे. मी कामात वापरतो, लपवत नाही. पण मला आलेलं उत्तर चूक आहे हे कळतं, कारण ती चूक मी पूर्वी स्वतः केलेली असते. खवाभट्टीच्या चुलत्याचं उदाहरण घ्या. १०५ लिटर म्हशीचं नाही हे चुलत्याला कळलं. कारण तो दुधातला. हळद_पावडर, तुझ्या प्रोजेक्टमध्ये १०५ आले असते तर तुला कळलं असतं का?

---

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११:१०

मी थोडी वेगळ्या मताची आहे. आमच्या गावात विचारायला आहे कोण? तुम्ही संभाजीनगरात बसता, शेजारच्या टेबलाला विचारता. मी कोड लिहून मागत नाही. माझा कोड देते, लाल अक्षरातली चूक देते आणि म्हणते, “उत्तर सांगू नको, मी कुठं बघू ते सांग.” तेवढ्यापुरता उपयोग होतो. कधीकधी ठामपणे खोटंही सांगतं, तेव्हा एमडीएन उघडून ताडून घ्यायचं. पण दुपारी तीन वाजता गंगाखेडात मला उत्तर देणारं दुसरं कुणी नाही, हेही खरं.

---

नाथसागर | बुधवार, सकाळी ७:१५

हे मान्य. शेजारचं टेबल मी गृहीत धरलं होतं.

---

मोसंबी_जालना | बुधवार, दुपारी १२:००

धागाकर्ते कुठं गायब? पातेल्यात पडले का?

---

लातूर_पॅटर्न | बुधवार, दुपारी १२:०४

बुधवार आहे. कुठल्यातरी बाजारात असतील.

---

पाल_टाकणारा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:२०

धागा वर काढतोय. गायब नव्हतो, करायलो होतो.

लातूर_पॅटर्नचं ते शेवटचं वाक्य वाचूनच सुचलं. बाजारात आम्हा पालवाल्यांचा कायमचा प्रश्न असतो: आज जवळपास कुठं कुठं बाजार आहे? नवीन माणूस चार जणांना विचारतो, प्रत्येक जण वेगळं सांगतो, कारण आपल्या गावाकडं गर्दी नको असती. माझ्याकडं ३१ गावांची यादी पाठ आहे. ती ॲरेत टाकली. गाव, वार, आमच्या गावापासूनचं अंतर, सावली आहे का, जनावरांचा बाजार असतो का. पान उघडलं की आजचा वार ओळखून त्या वारची गावं दाखवायची. एवढंच. कुठलाही व्हिडिओ नाही बघितला. फाईल कोरीच होती पण हात थांबला नाही, खरं तर झोपायला उशीर झाला.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकट चढवलं. तिथं एक दिवस गेला. माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसायचा, चढवल्यावर गायब. फोटोच्या नावातलं ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत होतं, कोडमध्ये मी छोट्या लिपीत लिहिलेलं. विंडोजला चालतं, तिथं चालत नाही. आणि पान मोबाईलच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ विसरलो होतो म्हणून मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती.

आता खरी अडचण. सोमवार ते शनिवार पान झकास चालतं. आज रविवार, मी बाजारात बसूनच लिहायलोय, शेजारच्या चार पालवाल्यांना मोठ्या तोऱ्यात पान दाखवलं, तर त्यात एकही गाव नाही! ‘कृपया वार निवडा’ एवढंच. पाच गावं आहेत रविवारची, मी ज्यात बसलोय ते धरून. मी लिहिलंय असं: वार असेल तर यादी दाखव, नसेल तर ‘वार निवडा’ म्हण. सहा दिवस चालणारी गोष्ट सातव्या दिवशी कशी बिघडती?

---

नाथसागर | रविवार, दुपारी ३:३१

वा! उत्तर सांगत नाही. घरी गेल्यावर एफ१२ दाबून कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत) आजच्या वाराचा आकडा छापून बघा. मग त्या आकड्याकडं टक लावून बसा.

---

खवाभट्टी | रविवार, दुपारी ३:३४

मला कळलं 😄 पण गप्प बसतो.

---

पाल_टाकणारा | रविवार, रात्री ९:१९

शून्य!!!

रविवारला शून्य कोण देतं हो? आमच्याकडं सगळ्यात मोठा बाजार रविवारचा! म्हणजे ‘वार असेल तर’ विचारलं की शून्याला तो ‘नाही’ समजतो. दोन तास लागले, पण मीच काढलं. आता ‘वार आहे का’ असं न विचारता ‘वार अनडिफाइन्ड (म्हणजे दिलेलाच नाही) आहे का’ असं विचारलं, आणि पाचही गावं आली.

---

नाथसागर | रविवार, रात्री ९:३०

शाब्बास. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात १० दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तारखेचा भाग तेव्हाच्या जावावरून जवळजवळ जसाच्या तसा उचलला. तिथं रविवार शून्य होता, इथंही आला. जानेवारी पण शून्यच आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

---

पाल_टाकणारा | रविवार, रात्री ९:३६

दहा दिवसांत केलेली भाषा मला आठ महिन्यांत येईना, आता कळलं कामून. दहा दिवसांत केली म्हणून!

---

जुनी_फाईल | रविवार, रात्री ९:५०

पान बघितलं. लँग ‘एमआर’ आहे, ल सरळ आहे. समाधान वाटलं. मथळ्याचा फिकट पिवळा रंग मात्र बदला, उन्हात पालीखाली बसलेल्या माणसाला काही वाचता येणार नाही.

---

पाल_टाकणारा | पुढच्या गुरुवारी, रात्री १०:०५

रंग गडद केला. काका, बरोबर होतं तुमचं, आज उन्हात धरून बघितलं.

बांगड्यांच्या मावशी आहेत, माझ्या शेजारी पाल असते त्यांची. त्यांच्या पोराच्या मोबाईलवर पान टाकून दिलं. त्यांनी एकेक वार दाबून सगळी यादी तपासली आणि दोन चुका काढल्या. एका गावचं अंतर नव्या रस्त्यानं आठ किलोमीटरनं कमी झालंय. दुसऱ्या गावचा बाजार पोळ्याच्या आठवड्यात एक दिवस आधी भरतो, ते मी धरलंच नव्हतं. “हे घाल, मग मी चुडीवाल्या सगळ्यांना सांगते,” म्हणाल्या.

आता पोळा श्रावणी अमावस्येला, म्हणजे दर वर्षी तारीख वेगळी. हा अपवाद त्याच ॲरेत घालू की वेगळी यादी करू?

---

नाथसागर | गुरुवार, रात्री १०:१८

वेगळी यादी. पंचांग मोजायचा कोड लिहायला जाऊ नका, त्यात आयुष्य जाईल. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पोळ्याच्या तारखा दिनदर्शिकेतून बघून हातानं टाका. यादी दाखवण्याआधी आजची तारीख त्यात आहे का बघायची, असेल तर ती आधी.

---

गोदाकाठची | गुरुवार, रात्री १०:२५

आणि टाकतानाच महिन्याच्या आकड्यात एक वजा करायला विसरू नका. माझा बचत गटाचा हप्ता एकदा महिनाभर उशिरा दाखवला होता त्यानं, सगळ्या बायका माझ्या दारात.

---

लातूर_पॅटर्न | गुरुवार, रात्री १०:३१

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. पाच लिटरचं पातेलं काय भाव?

---

पाल_टाकणारा | गुरुवार, रात्री १०:४०

धाग्यावरच्यांना दहा टक्के कमी. कुकर सोडून.